ग्रंथसूचीतले शोधा-बदला : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची आज पेनड्राइव्हवर हाती आली. फोंडा तालुक्यातले हे वाचनालय मुक्तीच्या आधीपासूनचे. पोर्तुगीज अमदानीत मराठी वाचणाऱ्यांनी घराघरांतून पुस्तके गोळा करून उभे केलेले. सूची मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत वेगवेगळ्या हातांनी टाइप झाली आहे. एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल, चार हजारांच्या वर नोंदी. सोबत चार जुन्या स्मरणिका. त्या एका डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये बसवल्या होत्या, पुढे कुणीतरी कन्व्हर्टरमधून यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणल्या.

मास्तरांची तक्रार नेमकी आहे. "मडगाव म्हणून शोधले की निम्मी पुस्तके येतात रे. उरलेली निम्मी कपाटात दिसतात, पण तुझ्या यंत्रात नाहीत."

चवथीच्या आधी वाचनालयाच्या संगणकावर दुरुस्त सूची बसवून द्यायची, असे ठरले. सगळ्या फाइली 'मूळ' नावाच्या फोल्डरात टाकून फक्त-वाचनीय केल्या. काम दुसऱ्या फोल्डरात, तेही प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये.

९ जून

बदलायच्या आधी मोजायचे. ग्रेप या शोधायच्या आज्ञेने तीन रूपे सापडली: मडगाव, मडगांव, आणि 'गा'वर एकावर एक दोन अनुस्वार पडलेले तिसरे. हे तिसरे पडद्यावर दुसऱ्यासारखेच दिसते. दोन टिंबे एकमेकांत मिसळून जातात. डोळ्यांना एक शब्द, यंत्राला दोन.

भाची शेजारी बसली होती, तिला सेड ही शोधून बदलायची आज्ञा दाखवली. यूनिक्सच्या जगात हे हत्यार फार जुने आहे: बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४च्या सुमारास लिहिलेले. 'एस', तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ. ही मांडणी त्याहूनही जुन्या 'एड' या संपादकातून आली, आणि ग्रेप हे नावही एडच्याच एका आज्ञेवरून पडले. शेवटी 'जी' लावले नाही तर प्रत्येक ओळीतला पहिलाच शब्द बदलतो. एका ओळीत प्रकाशनस्थळ मडगांव आणि देणगीदाराचा पत्ताही मडगांव, त्यामुळे हा फरक तिला लगेच दिसला.

मग माझ्या हातून एक चूक झाली. सेडचे उत्तर मी त्याच फाइलमध्ये वळवले. फाइल शून्य बाइटची झाली. कारण साधे आहे: उत्तर वळवणाऱ्या बाणाच्या (>) उजवीकडची फाइल शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, आधी उघडतो आणि रिकामी करतो, सेड त्यानंतर सुरू होतो. त्याला वाचायला काहीच उरत नाही. 'मूळ' फोल्डर होते म्हणून पाच मिनिटांत पूर्ववत झाले. यापुढे उत्तर नेहमी नव्या नावाच्या फाइलमध्ये. सेडचा 'जागीच बदला' हा पर्याय वापरायचा तर जुनी प्रत ठेवणारा प्रत्यय लावूनच. भाचीच्या मॅकवर तो प्रत्यय सांगावाच लागतो, रिकामा का असेना. माझ्याकडच्या ग्नू सेडला तो नसला तरी चालतो, पण मी लावणार.

१५ जून

सूची 'स्वच्छ' करण्याच्या कामातली पहिली मोठी चूक आज होता होता टळली. सविस्तर लिहून ठेवतो.

'ऱ्या' असलेले शब्द शोधताना सापडत नव्हते. दऱ्या, खोऱ्यात, किनाऱ्यावर, कादंबऱ्या. पायथनमध्ये पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: शब्द घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक अक्षरचिन्हाचा यूनिकोड क्रमांक व नाव छापायचे. पडद्यावर अगदी एकसारखा दिसणारा 'दऱ्या' आतून तीन तऱ्हांचा निघाला. पहिल्यात ०९३१ या क्रमांकाचा अख्खा 'ऱ', त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा 'र' आणि खाली नुक्ता, मग हलन्त. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर', म्हणजे जागा न घेणारे, न दिसणारे जोडचिन्ह.

पहिल्या दोघांचे भांडण यूनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटते. त्यातले एनएफसी, म्हणजे जोडलेले, रूप मागितले की 'र' आणि नुक्ता मिळून ०९३१ होतो. तिसऱ्याला मात्र ते हात लावत नाही.

मी विचार केला, हे न दिसणारे जोडचिन्ह सगळीकडून पुसून टाकावे. एका ओळीचे काम. पुसले, आणि सवयीने आधीच्या व नंतरच्या फाइलमधला फरक काढून वाचायला बसलो. सत्तरीतल्या जंगलावरच्या एका लेखात 'डोंगर आणि दऱ्या' होते, तिथे 'डोंगर आणि दर्या' झाले होते. दऱ्यांचा समुद्र झाला! शब्द अशुद्ध झाला असता तर कुणाच्या तरी नजरेत भरला असता. इथे एका शुद्ध शब्दाच्या जागी दुसरा शुद्ध शब्द आला, आणि गोव्यातल्या माणसाला डोंगरापाठोपाठ दर्या वाचून काहीच खटकणार नाही. शाळेत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक आपण शिकतो. तो सगळा फरक या फाइलमध्ये एका न दिसणाऱ्या चिन्हावर उभा होता.

योग्य क्रम असा: आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' या त्रयीच्या जागी ०९३१ आणि हलन्त. हे झाल्यावर उरलेली जोडचिन्हे तपासायची. तीही सरसकट पुसायची नाहीत, कारण काही ठिकाणी अर्धे अक्षर अर्धे दिसावे म्हणून मुद्दाम घातलेली आहेत.

१६ जून

'ॲड.' हे संक्षिप्त रूप. कार्यकारी मंडळांच्या याद्यांत वकील बरेच, म्हणून हा प्रश्न छोटा नाही. ०९७२ क्रमांकाचा एकसंध 'ॲ' यूनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे लोक 'अ'वर अर्धचंद्र चढवत, मध्ये कधी जोडचिन्हही घालत. एनएफसी या दोघांना एक मानत नाही, म्हणून नियम हातानेच लिहिला. तिसरा प्रकार चंद्रबिंदूचा, 'अँड.'. ही टाइप करणाऱ्याची चूक. पण 'अँड' हा शब्द 'अँड सन्स' अशा प्रकाशकांच्या नावांतही येऊ शकतो, म्हणून फक्त पुढे पूर्णविराम असेल तिथेच बदल. तरीही यादी डोळ्यांखालून घातली.

२२ जून

मास्तरांना स्थानिक इतिहासासाठी तालुकावार नोंदी हव्या आहेत. बारा तालुके. तिसवाडी, बारदेश, पेडणे, डिचोली, सत्तरी सरळ निघाले. सांगे तालुक्याने अख्खी संध्याकाळ घेतली.

'सांगे' शोधले तर ढीगभर ओळी. 'सांगेन', 'सांगेल', 'सांगेनात', सगळ्यांच्या पोटात सांगे आहे. मग रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधायच्या नमुन्यात) शब्दाची सीमा दाखवणारे चिन्ह दोन्ही बाजूंना लावले. उत्तर उलटेच आले. 'सांगेल' सापडतो, 'सांगेन' सापडतो आणि ज्याच्यासाठी शोध चालवला तो नुसता 'सांगे' सापडत नाही. तीनदा तपासले.

कारण समजल्यावर बरे वाटले, कारण ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे. पायथनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलच्या लेखी 'शब्दातले अक्षर' म्हणजे वर्ण किंवा अंक. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हे त्याच्या व्याख्येत बसत नाहीत. शब्दातले अक्षर आणि शब्दाबाहेरचे चिन्ह जिथे भेटतात तिथे तो सीमा मानतो. 'सांगे'च्या शेवटी मात्रा आहे, पुढे मोकळी जागा. दोन्ही त्याच्या मते शब्दाबाहेर, म्हणून सीमा नाही. 'सांगेल'मध्ये मात्रेपुढे 'ल' येतो, म्हणून तिथे सीमा! आपल्या भाषेतला शब्द त्याला मात्रेमात्रेला तुटलेला दिसतो.

दोन उपाय. एक, 'रीजेक्स' नावाचे वेगळे मॉड्यूल, जे मात्रांना शब्दाचा भाग मानते. दुसरा, सीमा स्वतः सांगणे: मागे-पुढे देवनागरी पट्ट्यातले कोणतेही चिन्ह नसावे. दुसरा केला तर एक काळजी घ्यावी लागते. दंड, दुहेरी दंड आणि देवनागरी अंकही त्याच पट्ट्यात येतात, तेव्हा ते वगळायला हवेत. नाहीतर ओवीच्या शेवटचा शब्द कधीच सापडणार नाही. मी पहिला उपाय घेतला.

सीमा बरोबर लागली तरी तालुका कोणता आणि क्रियापद कोणते हे यंत्र सांगू शकत नाही. 'आजी गोष्ट सांगे' आणि 'सांगे येथील'. प्रत्येक जागेच्या अलीकडची-पलीकडची चाळीस अक्षरे छापून कागद मास्तरांना दिला. त्यांनी पेन्सिलीने खुणा करून अर्ध्या तासात परत केला.

मराठीत सीमा तरी कुठे स्थिर असते? फोंड्यात, म्हापशाला, काणकोणहून. प्रत्यय लागला की शब्द लांबतो, आणि सामान्यरूपात मूळही बदलते. 'म्हापसें'चे 'म्हापसा' करायचा नियम 'म्हापशास'पर्यंत पोचत नाही. ते बरेच झाले, कारण 'म्हापशास' दोन्ही काळांत तसेच आहे.

२४ जून

सांजांव, सेंट जॉनचा सण. गावात मुले विहिरींत उड्या मारत होती. काम नाही.

६ जुलै

पाऊस कोसळतो आहे, वीज दोनदा गेली. यूपीएसवर जेवढे झाले तेवढे.

आता नियम सुटे चालवत नाही. बदलांचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे: जुने रूप, नवे रूप, कोणत्या रकान्यात, किती जागी अपेक्षित, का. प्रोग्रॅम तो तक्ता वाचतो, आधी नुसते मोजतो आणि प्रत्यक्ष संख्या अपेक्षित संख्येशी जुळली नाही तर काहीही न लिहिता थांबतो. मोजून अपेक्षा लिहायची सक्ती असल्यामुळे प्रत्येक नियमापूर्वी ग्रेपचा निकाल वाचावाच लागतो. दुसरी कसोटी: तोच नियम लागोपाठ दोनदा चालवला तर दुसऱ्या वेळी एकही बदल होता कामा नये.

सेड या कामातून बाजूला ठेवले. पुस्तकांच्या नावांत स्वल्पविराम आहेत, ती अवतरणचिन्हांत बंद आहेत. ओळीवर चालणाऱ्या हत्याराला रकाना कुठे संपतो हे कळत नाही. पायथनचा सीएसव्ही वाचक ते सांभाळतो.

लहानसे अडथळे: पहिल्या रकान्याचे नाव सापडेना, कारण फाइलच्या अगदी सुरुवातीला एक्सेलला लागणारी न दिसणारी बीओएम खूण होती. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' सांगितले, सुटले. ओळीच्या शेवटाला बांधलेले नियम लागत नव्हते, कारण विंडोजच्या फाइलीत ओळीच्या शेवटी आणखी एक चिन्ह असते.

७ जुलै

गांव आणि गाव. वाटले होते, सर्वांत सोपा बदल हाच. 'गांव'चे 'गाव' सगळीकडे. मोजणी वाचल्यावर थांबलो.

देणगीदारांच्या रकान्यात 'गांवकर' आहेत आणि 'गावकर'ही आहेत. आडनाव ज्याने जसे लिहिले तसे. त्या माणसाने पुस्तकाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने अनुस्वार दिला असेल तर तो काढणारा मी कोण? आणि त्याहून महत्त्वाचे: सूचीत देवनागरीतली कोंकणी पुस्तके आहेत. कोंकणीत 'गांव' हेच बरोबर रूप आहे. 'म्हजें', 'हांव', 'तें', 'केलें', तिथे अनुस्वार जिवंत आहे, बोलला जातो. मराठीसाठी लिहिलेला नियम या पुस्तकांवर चालवला असता तर शेजारच्या कपाटातली भाषाच मोडली असती. लिपी एक असल्यामुळे यंत्राला दोन्ही सारख्याच.

म्हणून आधी नवा रकाना जोडला: भाषा. तो भरायला मास्तर आणि ग्रंथपालबाई दोघेही बसले. नियम लावताना आता भाषेची अट.

१३ जुलै

'नाहीं', 'कांहीं', 'तेथें'. जुन्या मराठी पुस्तकांची नावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले, त्यानंतर न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. सूचीत आजचे रूप करावे, असे समितीतल्या एकाचे मत होते. मास्तरांचे तसे नव्हते. त्यांनी फळ्यावर शिकवावे तसे सांगितले: "'केलें' म्हणजे ते काम केलें, एकवचन, नपुंसकलिंग. 'केले' म्हणजे ते लाडू केले. टिंब पुसलेस तर वाक्याचे लिंगवचन पुसलेस." आणि मुखपृष्ठावर जे छापले आहे तेच सूचीत असावे, नाहीतर पुस्तक हातात घेऊन ताडून पाहणाऱ्याने काय करावे?

मला ते पटले. आणि तेव्हाच लक्षात आले की महिनाभर मी बदल चुकीच्या जागी करत होतो. वाचकाला पुस्तक सापडायला हवे आहे. त्यासाठी मजकूर बदलायची गरज नाही.

नवी रचना: प्रत्येक नोंदीला एक न दिसणारा रकाना, 'शोधरूप'. मूळ नाव जसेच्या तसे राहील. प्रोग्रॅम त्यापासून शोधरूप बनवेल, वाचकाने टाइप केलेल्या शब्दाचेही त्याच नियमांनी शोधरूप बनवेल, आणि दोन शोधरूपे ताडून पाहील. शोधा-बदलाचे सगळे धारदार नियम तिथे. मूळ मजकुरात फक्त निखळ टंकनचुका दुरुस्त करायच्या: दुहेरी अनुस्वार, चुकलेली जोडचिन्हे, 'अँड.'.

१८ जुलै

काल आषाढी एकादशी, आज माशेलला चिखलकाला. चिखल अंगावर घेऊन घरी आलो. काम नाही.

२० जुलै

शोधरूपाचे नियम लिहिले. शब्दाच्या शेवटचा अनुस्वार जातो. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार एक होतात. अनुस्वार आणि परसवर्ण एक होतात, म्हणजे 'गोमन्तक' आणि 'गोमंतक' एकत्र सापडतात. गोव्यातल्या वाचनालयात हा एक नियम नसता तर बाकी सगळे व्यर्थ! पण तो लिहिताना जपावे लागते: 'न्' पुढे त, थ, द, ध असेल तरच अनुस्वार. नाहीतर 'अन्न', 'कन्या', 'पुन्हा' बिघडतील. तसेच 'म्' पुढे फक्त प, फ, ब, भ, म्हणजे 'म्हापसा' सुखरूप. शब्दाच्या मधले सगळे अनुस्वार काढायचे नाहीत, 'वंदन' आणि 'वदन' वेगळेच राहिले पाहिजेत. 'गांव', 'नांव', 'कांही' यांच्यासाठी ठरावीक शब्दांची यादी. लांब शब्द आधी, आखूड नंतर. नाहीतर आखूड नियम लांब शब्दाचा मधला तुकडा खाऊन टाकतो.

'दऱ्या' आणि 'दर्या' शोधरूपातही वेगळे ठेवले. फोनवर पुष्कळांना 'ऱ' टाइप करता येत नाही, हे खरे. तेव्हा आधी नेमका शोध, काही न मिळाल्यास मग दोन्ही.

३ ऑगस्ट

स्मरणिका. इथे चुका वेगळ्या जातीच्या आहेत. 'कायर्क्रम', 'सवर्', 'पूवर्'. जुन्या फॉन्टमध्ये रफार हे वेगळे चित्र होते आणि ते अक्षरानंतर टाइप होई, तर यूनिकोडमध्ये रफाराचा 'र' उच्चाराप्रमाणे अक्षराआधी येतो. कन्व्हर्टरने क्रम उलटवला नाही.

नियम लिहिला: व्यंजन आणि पुढे 'र्' दिसला की अदलाबदल. दोन कंसांत दोन तुकडे पकडायचे आणि बदलात दुसरा आधी, पहिला नंतर. 'सवर्'चे 'सर्व' झाले. पण आधीपासून बरोबर असलेल्या 'सर्व'चे 'र्सव' झाले, कारण त्यातही 'स'पुढे 'र्' आहेच. दोनदा चालवायच्या कसोटीत हा नियम तत्काळ नापास. 'सर्' नंतर काय यायला हवे होते याची माहिती रूपांतर झाले त्या क्षणीच हरवली, आता कोणताही नमुना ती परत आणणार नाही.

उपाय एकच: डीटीपीच्या मूळ फाइलींकडे परत जायचे. तिथे रफाराला स्वतःचा वेगळा बाइट आहे. रूपांतर करताना त्याच्या जागी यूनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यातले एक चिन्ह तात्पुरते ठेवायचे, ते अक्षरसमूहाच्या आधी सरकवायचे आणि शेवटी त्याचे 'र्' करायचे. ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच, उलट दिशेने: ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराआधी टाइप होते, म्हणून संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यायची. 'स्थिती'मध्ये 'स्' आणि 'थ' दोन्ही ओलांडायचे, एकच नव्हे.

१० ऑगस्ट

डीटीपीवाल्यांच्या घरच्या जुन्या सीडीतून तीन स्मरणिकांच्या मूळ फाइली मिळाल्या. नवे रूपांतर स्वच्छ आले. 'कार्यक्रम' सगळीकडे कार्यक्रम.

२५ ऑगस्ट

वाचनालयात बसवले. मास्तरांनी पहिला शब्द टाइप केला 'मडगाव', यादी वर सरकत राहिली, ते एकेक नाव बोटाने मोजत राहिले. मग 'गोमन्तक'. मग 'नाही', आणि 'नाहीं' असलेली जुनी पुस्तके अनुस्वारासकट पुढे आली. ग्रंथपालबाईंनी 'हांव' टाइप करून कोंकणी कपाट तपासले, बरोबर.

उरलेले: चौथ्या स्मरणिकेची मूळ फाइल मिळालेली नाही. तिच्यातल्या रफाराच्या चुकांना हात लावलेला नाही. छापील अंक समोर ठेवून मास्तर आणि भाची चवथीनंतर ती पाने हाताने दुरुस्त करणार आहेत. सांग्याच्या सात ओळींवर मास्तरांची पेन्सिलीची प्रश्नचिन्हे अजून तशीच आहेत.